डिस्क गेली तरी डेटाबेस जाऊ नये: तयारीपासून रिस्टोअरपर्यंत

डिस्कच्या माहितीपत्रकावर ‘बिघाडाचा सरासरी काळ १० लाख तास’ असं छापलेलं असतं. वर्षाच्या हिशेबात हे १०० डिस्कमागे एकापेक्षाही कमी, ०.८८ टक्के. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चित्र वेगळं निघालं: दरवर्षी साधारण २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तर १३ टक्के. ३ टक्के धरा. तुमच्याकडे २४ डिस्क असतील, तर वर्षभरात त्यातली निदान एक जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते.

म्हणजे डिस्क जाणारच, हे धरूनच चालायचं. ती गेल्यावर किती वेळात पुन्हा उभं राहायचं आणि तेवढ्यात किती डेटा हातचा जाऊ द्यायचा, हे मात्र आपण ठरवू शकतो. माझं मत असं की ही सगळी आखणी रिस्टोअरच्या (बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करण्याच्या) टोकापासून उलटी करत यावी. बहुतेक ठिकाणी सुरुवात रेडपासून (अनेक डिस्क अशा जोडायच्या की एक गेली तरी डेटा टिकावा) होते, मग बॅकअप लागतो, आणि रिस्टोअर कसा करायचा हे त्या दिवशी शोधलं जातं. खालची उदाहरणं पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची आहेत, पण दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनाही हाच क्रम चालेल.

पायरी १: आधी दोन आकडे लिहून काढा

पहिला आकडा: शेवटचे किती मिनिटांचे व्यवहार गेले तर चालेल? दुसरा: सेवा किती वेळ बंद राहिली तर चालेल? हे आकडे धंदा चालवणाऱ्यांकडून घ्या, स्वतः ठरवू नका. ‘शून्य आणि शून्य’ असं उत्तर मिळालं तर त्याचा खर्च समोर ठेवा, उत्तर लगेच बदलतं.

मग साधं गणित करा. डेटाबेस २ टेराबाइटचा आहे आणि बॅकअप ठेवलेल्या यंत्रापासून १ गिगाबिटची लाइन आहे. अशा लाइनवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. नुसत्या फाइली आणायलाच ५ तास लागले. त्यावर लॉग (डेटाबेसने ठेवलेली प्रत्येक बदलाची नोंद) चढवायचा वेळ वेगळा. तुम्ही एका तासाचं वचन दिलं असेल तर बॅकअप कितीही नीट घेतलेला असो, तो ते वचन पाळू शकत नाही. चालती रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर सतत ताजी राहणारी प्रत, लागेलच. हे गणित पाच मिनिटांचं आहे, पण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

पायरी २: डिस्कची रचना

रेड ही बॅकअपची जागा घेत नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. रेड नेमकं काय देतं, तर वेळ. एक डिस्क गेली तरी सेवा चालू राहते आणि तुम्हाला ती डिस्क बदलायला सवड मिळते.

डेटाबेससाठी माझी पसंती रेड १० ला, म्हणजे प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत जोडीदार डिस्कवर. रेड ५ मध्ये एक छोटं लिखाण करायचं तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा काढायला ठेवलेला हिशेब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा अशी चार कामं होतात. रेड ६ मध्ये सहा. रेड १० मध्ये फक्त दोन. पण वेगापेक्षाही मोठा मुद्दा रीबिल्डचा, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याचा आहे. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने भरत गेली तरी २२ तास लागतात, आणि तेही सर्व्हरवर दुसरा भार नसताना. रेड ५ मध्ये या २२ तासांत उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचली जाते. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक धरलेली असते. म्हणजे साधारण १२.५ टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात, पण मोठ्या डिस्कवर रेड ५ लावून निवांत झोपावं इतक्या नाही. रेड १० मध्ये रीबिल्डला फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते.

एकाच खेपेच्या, एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्क एका ॲरेत (रेडने जोडलेल्या डिस्कच्या संचात) घालू नका. हा सल्ला ऐकून बरेच जण हसतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही एसएसडींच्या फर्मवेअरबद्दल (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरबद्दल) इशारा दिला होता: बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, ती एसएसडी बंद पडणार, आणि त्यानंतर डिस्कही परत मिळणार नाही आणि डेटाही. एकाच वेळी सुरू केलेला अख्खा ॲरे एकाच तासात गेला असता. तिथे कुठलाही रेड उपयोगाचा नाही; उपयोगी ठरतं ते फर्मवेअर अद्ययावत ठेवणं आणि दुसऱ्या यंत्रावरची प्रत.

डेस्कटॉपसाठी बनवलेली डिस्क सर्व्हरमध्ये घातली तर आणखी एक त्रास होतो. खराब सेक्टर वाचण्यासाठी ती मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त झगडत बसते. ॲरे सांभाळणारा रेड कंट्रोलर तेवढा वेळ थांबत नाही, धडधाकट डिस्कलाही मेलेली समजून ॲरेबाहेर काढतो. डिस्क घेताना चूक-दुरुस्तीच्या वेळेची मर्यादा ठरवता येते का, ते पाहा. ही मर्यादा सहसा ७ सेकंदांवर ठेवतात.

ॲरेत एक हॉट स्पेअर, म्हणजे आधीच बसवून ठेवलेली राखीव डिस्क, असू द्या. रात्री ३ ला डिस्क गेली तर रीबिल्ड कुणी जागं होण्याआधीच सुरू झालेला असतो.

पायरी ३: ‘लिहिलं’ म्हणजे खरंच लिहिलं का?

कमिट करताना, म्हणजे व्यवहार पक्का करताना, डेटाबेस कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) एफसिंकची विनंती करतो: हे पक्कं डिस्कवर गेलं की मला सांग. मध्ये कुणी खोटं बोललं तर पुढची सगळी तयारी वाया. खोटं बोलणारे दोन ठरलेले: बॅटरी नसलेला किंवा बॅटरी संपलेला रेड कंट्रोलर, आणि वीज गेल्यावर कॅश रिकामी करायला कपॅसिटर नसलेली स्वस्त एसएसडी. कंट्रोलरची बॅटरी तपासण्याचं काम देखरेखीच्या यादीत घालाच. ती खराब झाल्याचं कुणाच्याच लक्षात येत नाही.

मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट’ आणि ‘सिंक_बिनलॉग’ या दोन्ही सेटिंगची किंमत १ असावी. वेग वाढवायला कुणीतरी कधीतरी त्या बदललेल्या असतात आणि कारण कुठेच लिहिलेलं नसतं.

इथे पोस्टग्रेसचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. २०१८ मध्ये उघड झालं की लिनक्सवर एफसिंक एकदा फसला तर कर्नल डिस्कवर न गेलेली डेटाची पानं ‘स्वच्छ’, म्हणजे लिहून झालेली, मानून मोकळा होऊ शकतो. डेटाबेसने पुन्हा एफसिंक केला की उत्तर येतं ‘यशस्वी’, आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस असा प्रयत्न पुन्हा करत नाही. एफसिंक फसला की सरळ पॅनिक होऊन थांबतो आणि लॉगमधून स्वतःला सावरतो. म्हणून पोस्टग्रेस असा अचानक बसला तर घाईने पुन्हा सुरू करू नका. आधी कर्नलच्या लॉगमध्ये डिस्कच्या चुका दिसतात का बघा.

चेकसम (पानातला डेटा बिघडला नाही ना, हे ताडून पाहायचे आकडे) चालू आहेत का, हेही पाहून घ्या. डिस्क दरवेळी सरळ मरत नाही, कधी कधी चूक न दाखवता चुकीचा डेटा परत करते. पोस्टग्रेसमध्ये १८ व्या आवृत्तीपासून नव्या क्लस्टरला (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसच्या संचाला) चेकसम आपोआप चालू असतात. जुन्या क्लस्टरवर सर्व्हर बंद ठेवून ‘पीजी_चेकसम्स’ने चालू करता येतात, ही सोय १२ व्या आवृत्तीपासून आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत ते मुळातच चालू असतात.

पायरी ४: देखरेख

स्मार्ट तपासणीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, पाच नोंदींवर नजर ठेवा: ५ (बदललेले सेक्टर), १८७ (न दुरुस्त झालेल्या चुका), १८८ (कमांडला वेळेत उत्तर नाही), १९७ (प्रलंबित सेक्टर) आणि १९८ (न वाचता येणारे सेक्टर). या शून्यावरून हलल्या की डिस्क बदलायची तयारी करा. एसएसडीत झिजेची टक्केवारी पाहा.

मात्र स्मार्ट गप्प आहे म्हणजे डिस्क ठीक आहे, असं समजू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये चार प्रमुख नोंदींपैकी एकही हललेली नव्हती. त्याच अभ्यासात हेही दिसलं की पहिली स्कॅन-चूक (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट होते. थोडक्यात, इशारा आला तर तो खरा माना. नाही आला तर त्याचा काहीच अर्थ नाही.

महिन्यातून एकदा ॲरेचं पूर्ण वाचन, म्हणजे स्क्रब, ठेवा. नाहीतर कोपऱ्यातला खराब सेक्टर कळतो तो थेट रीबिल्डच्या वेळी.

पायरी ५: बॅकअप

लॉजिकल डंप (फाइली न उचलता टेबलांतला डेटा बाहेर काढून घेतलेली प्रत) हवाच, पण वेगाने परत यायचं असेल तर मुख्य भिस्त त्यावर नको. डंपमधून उभं करताना प्रत्येक इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) नव्याने बांधावा लागतो. मोठ्या डेटाबेसला यातच तासन्‌तास जातात. मुख्य बॅकअप फाइलींचा घ्या: पोस्टग्रेसला ‘पीजी_बेसबॅकअप’ किंवा ‘पीजीबॅकरेस्ट’, मायएसक्यूएलला ‘एक्स्ट्राबॅकअप’. डंप आठवड्यातून एकदा घ्या. त्याचा एक फायदा असा की तो प्रत्येक टेबल शेवटपर्यंत वाचतो, त्यामुळे खराब पान असलं तर तिथेच अडखळतो.

या फाइलींच्या बॅकअपला बेस बॅकअप म्हणतात; त्याच्या जोडीला बदलांचा लॉग सतत बाहेर पाठवत राहायला हवं. पोस्टग्रेसचा लॉग १६ मेगाबाइटच्या तुकड्यांत असतो आणि तुकडा भरल्यावरच आर्काइव्ह होतो, म्हणजे बाहेर साठवला जातो. वर्दळ कमी असलेल्या डेटाबेसमध्ये एक तुकडा भरायला तास-दोन तास लागू शकतात, आणि नेमकी तेव्हा डिस्क गेली तर तेवढे व्यवहार गेले. म्हणून ‘आर्काइव्ह_टाइमआउट’ ६० सेकंदांसारखा ठेवा, किंवा ‘पीजी_रिसीव्हवॉल’ने लॉग चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर ओढून घ्या.

आर्काइव्हची कमांड लिहिताना दोन पथ्यं. फाइल पलीकडे पक्की लिहिली गेल्यावरच शून्य (म्हणजे ‘यशस्वी’) उत्तर द्यायचं, आणि त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर कधीच लिहायचं नाही. दुसरं पथ्य मोडलेल्या ठिकाणी दोन सर्व्हर एकाच फोल्डरमध्ये लॉग टाकत असतात आणि रिस्टोअरच्या वेळी भलताच लॉग समोर येतो.

मायएसक्यूएलचा बिनलॉग, म्हणजे तिथला बदलांचा लॉग, डेटाच्याच डिस्कवर पडून असेल, तर डिस्क जाताना तोही जाणार. तो बाहेर काढा. पोस्टग्रेसचं ‘पीजी_वॉल’ हे लॉगचं फोल्डर वेगळ्या डिस्कजोडीवर ठेवलं, तर डेटाचा ॲरे पूर्ण गेला तरी आर्काइव्ह न झालेले शेवटचे तुकडे हाती राहतात. या एवढ्याशा गोष्टीने शेवटची काही मिनिटं वाचतात.

बॅकअपची एक प्रत वेगळ्या जागी असावी, आणि डेटाबेस सर्व्हरच्या पासवर्डने ती पुसता येऊ नये.

पायरी ६: रेप्लिका

लवकर उठायचा खरा मार्ग हाच. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या रॅकमध्ये चालती प्रत. मूळ सर्व्हरची डिस्क गेली तर मिनिटभरात कारभार तिच्याकडे सोपवता येतो.

असिंक्रोनस रेप्लिका (जिच्या होकाराची वाट मूळ सर्व्हर पाहत नाही) जेवढी मागे असेल तेवढे व्यवहार जातात. सिंक्रोनस (जिचा होकार आल्यावरच कमिट होतो) ठेवली तर जात नाहीत, पण प्रत्येक कमिटला नेटवर्कची फेरी वाढते. पोस्टग्रेसमध्ये एकच सिंक्रोनस रेप्लिका ठेवणं हा फसवा सौदा आहे. ती बंद पडली की मूळ सर्व्हरवरचे कमिटही अडकून बसतात. दोन ठेवा आणि ‘दोघींपैकी कुणाही एकीने होकार दिला की पुरे’ असं सेटिंग करा. मायएसक्यूएलची सेमी-सिंक पद्धत उलट वागते: १० सेकंद वाट पाहून गुपचूप असिंक्रोनस होते. तिथे ही घसरण झाल्याचा इशारा लावला नसेल, तर आपण सुरक्षित आहोत हा भ्रमच.

रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकेला अजून न पोचलेला लॉग मूळ सर्व्हरवर राखून ठेवण्याची पोस्टग्रेसची सोय) वापरत असाल तर ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’ने मर्यादा घाला. बंद पडलेल्या रेप्लिकेसाठी लॉग साठत राहतो, मूळ सर्व्हरची डिस्क तुडुंब भरते आणि सुरक्षेसाठी केलेली सोयच सेवा बंद पाडते.

पायरी ७: रंगीत तालीम

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं. कारण डिस्कचं नव्हतं, पण पुढे जे झालं ते प्रत्येकाने वाचावं असं आहे आणि कंपनीने ते स्वतःच प्रसिद्ध केलं. नेहमीचे डंप घेतलेच जात नव्हते, कारण डंपचं साधन ९.२ आवृत्तीचं आणि सर्व्हर ९.६ चा. अपयशाचे ईमेल सुटत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी कुणीतरी चाचणीसाठी घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं, आणि तोही मंद डिस्कवर असल्याने उतरवायला बरेच तास लागले.

म्हणून ‘बॅकअप झाला’ या संदेशावर विसंबू नका. दर आठवड्याला कोऱ्या यंत्रावर आपोआप रिस्टोअर व्हावा, डेटाबेस सुरू व्हावा, ठरावीक टेबलातली सर्वांत ताजी नोंद किती जुनी आहे ते तपासलं जावं, आणि एकूण लागलेला वेळ नोंदवला जावा. इशारा अपयशावर नको, ‘यशाची नोंद आली नाही’ यावर लावा. वेळ पहिल्या पायरीतल्या आकड्याच्या पुढे गेला की उपाय शोधा. पोस्टग्रेस लॉग एकाच प्रक्रियेतून, ओळीने चढवतो. आठवड्याचा लॉग चढवायला फार वेळ लागत असेल तर बेस बॅकअप रोज घ्या.

तीन महिन्यांतून एकदा, ज्याने ही व्यवस्था बांधली नाही अशा माणसाला नुसती लिखित टिपणं देऊन रिस्टोअर करायला सांगा. टिपणांतली गाळलेली वाक्यं तेव्हाच सापडतात.

प्रत्यक्ष त्या दिवशी

सर्वांत मोठं नुकसान डिस्क करत नाही, पहिल्या अर्ध्या तासातली घाई करते. आधी ॲरेची स्थिती वाचा आणि कुठली डिस्क गेली तिचा सिरियल क्रमांक कागदावर लिहा. ‘एसडीबी’ सारखी नावं रीबूटनंतर बदलू शकतात, सिरियल क्रमांक बदलत नाही. डिस्कचा दिवा लुकलुकवता येत असेल तर लुकलुकवून खात्री करा. एक डिस्क गेलेल्या ॲरेमधून चुकून चांगली डिस्क उपसली गेली की साधी दुरुस्ती अरिष्ट होते.

ॲरे चालू असेल, फक्त एक डिस्क गेली असेल, तर डिस्क बदलण्याआधी ताजा बॅकअप आहे ना, ते पाहा. नसेल तर आधी तो घ्या, मगच रीबिल्ड. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये क्रम असा: खराब डिस्क ‘फेल’ म्हणून नोंदवा, ‘रिमूव्ह’ करा, नवी बसवून ‘ॲड’ करा. ॲरे दिसत नाही म्हणून त्याच डिस्कवर ‘क्रिएट’ कधीही चालवू नका.

ॲरेच गेला आणि रेप्लिका आहे, तर रेप्लिकेकडे शेवटचा लॉग कुठपर्यंत पोचला ते नोंदवा. मग जुना मूळ सर्व्हर पक्का बंद करा: वीज तोडा किंवा नेटवर्कमधून काढा. तो मध्येच जिवंत झाला आणि काही ॲप्लिकेशन त्याच्यावर लिहीत राहिली, तर दोन वेगवेगळी सत्यं तयार होतात आणि ती जुळवायला आठवडे जातात. त्यानंतरच रेप्लिकेला बढती द्या.

रेप्लिका नसेल तर जुन्या ‘पीजी_वॉल’मधून वाचता येईल ते आधी बाजूला कॉपी करा. नव्या यंत्रावर बेस बॅकअप उतरवा, ते वाचवलेले तुकडे नव्या ‘पीजी_वॉल’मध्ये ठेवा, ‘रिस्टोअर_कमांड’ लिहा, ‘रिकव्हरी.सिग्नल’ ही रिकामी फाइल तयार करा आणि सर्व्हर सुरू करा. डिस्क गेली असेल तर लक्ष्यवेळ (कुठल्या क्षणापर्यंतचा लॉग चढवायचा ते) देऊ नका, लॉग संपेपर्यंत चढू द्या. लक्ष्यवेळ लागते ती चुकून काही पुसलं गेल्यावर. तेव्हा टाइमझोन स्पष्ट लिहा. त्या वेळेला पोचल्यावर सर्व्हर फक्त वाचण्यापुरता थांबतो, हे मूळ सेटिंग आहे. डेटा तपासून मग पुढे सोडा.

नव्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम जुन्यासारखीच ठेवा. लिनक्सच्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीत २.२८ आवृत्तीला अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. जुन्या आवृत्तीवरच्या फाइली नव्यावर चढवल्या तर मजकुराचे इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ शकतात, तीही कुठली चूक न दाखवता. असं करावंच लागलं तर ते इंडेक्स पुन्हा बांधा.

आणि बॅकअपच नसेल तर? खराब डिस्कवर दुरुस्तीचं कुठलंही साधन चालवू नका. ‘डीडीरेस्क्यू’ने मॅप फाइल ठेवून तिची पूर्ण प्रतिमा घ्या, ते आधी सोपे भाग वाचतं आणि खराब भागांकडे नंतर वळतं. त्या प्रतिमेची आणखी एक प्रत काढा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. मायएसक्यूएल असेल तर ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ हे सेटिंग १ पासून एकेक वाढवत न्या. ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. डेटाबेस सुरू झाला की लगेच डंप काढून कोऱ्या सर्व्हरवर भरा. त्या फाइलींवर पुढचा कारभार चालवू नका.

सेवा सुरू झाल्यावर

बढतीनंतर पोस्टग्रेसची टाइमलाइन (लॉगच्या इतिहासाचा क्रमांक) बदलते, म्हणून लगेच नवा बेस बॅकअप घ्या आणि आर्काइव्ह नव्या सर्व्हरवरून जातंय ना ते बघा. नवी रेप्लिका उभी होईपर्यंत तुम्ही एकाच यंत्रावर आहात, तेव्हा ते काम उद्यावर टाकू नका. लॉजिकल डंपमधून उभं केलं असेल तर ‘ॲनालाइझ’ (क्वेरी आखायला लागणारी टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा, नाहीतर क्वेरी इतक्या रखडतील की लोकांना सेवा अजून बंदच वाटेल.

जुन्या डिस्क लगेच परत पाठवू नका. नव्या सर्व्हरचा बॅकअप एकदा रिस्टोअर करून पाहिला, हरवलेल्या नोंदींबद्दल वापरकर्त्यांच्या तक्रारी थांबल्या, की मग त्या पुसा. डेटा एन्क्रिप्ट केलेला नसेल आणि डिस्क पुसण्याइतकीही चालत नसेल, तर वॉरंटीचा मोह सोडून ती फोडून टाका.